व्हिक एडेलब्रॉक

ओटिस व्हिक्टर एडेलब्रॉक (१९१३ – १९६२), प्रचलित नाव व्हिक एडेलब्रॉक, हे अमेरिकन मोटार तंत्रज्ञ, शर्यतपटू आणि उद्योजक होते. जुन्या मोटारींची इंजिने अधिक शक्तिशाली करण्यासाठी लागणारे सुटे भाग तयार करून विकणाऱ्या आरंभीच्या व्यावसायिकांत त्यांची गणना होते. अमेरिकेतील हॉट रॉड चळवळीच्या प्रवर्तकांपैकी ते एक मानले जातात. त्यांनी स्थापन केलेली एडेलब्रॉक ही कंपनी त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र व्हिक एडेलब्रॉक ज्युनियर यांनी चालवली आणि वाढवली.

पूर्वायुष्य

एडेलब्रॉक यांचा जन्म कॅन्सस राज्यातील एका शेतकरी वस्तीत झाला. त्यांच्या कुटुंबाचे किराणा मालाचे दुकान होते. १९२७ साली हे दुकान आगीत भस्मसात झाले. घरखर्चाला हातभार लावण्यासाठी व्हिक यांना वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडावी लागली. विचिटा शहरातून फोर्ड मॉडेल टी मोटारी आसपासच्या गावांत पोहोचवण्याचे काम त्यांनी पत्करले. कच्च्या रस्त्यांवर या मोटारी वारंवार बंद पडत. ठरलेल्या ठिकाणी त्या पोहोचवायच्या तर वाटेतच, हाताशी असेल त्या साधनांनी दुरुस्ती करणे भाग होते. यांत्रिक कामाचे त्यांचे पहिले शिक्षण असे झाले. पुढे त्यांनी एका दुरुस्ती कारखान्यातही काम केले.

महामंदीच्या काळात, १९३१ मध्ये, ते कॅलिफोर्नियात भावाकडे आले. १९३३ मध्ये त्यांचा केटी यांच्याशी विवाह झाला. लॉस एंजेलिस परिसरात त्यांनी स्वतःचे गॅरेज सुरू केले आणि पुढील काही वर्षांत त्याची जागा अनेकदा बदलली. त्यांचे एकुलते अपत्य व्हिक ज्युनियर यांचा जन्म १९३६ मध्ये झाला.

फोर्ड व्ही-८ आणि स्लिंगशॉट

फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये सामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. या इंजिनातील झडपा सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेल्या असल्याने त्याचे हेड सपाट झाकणासारखे होते. त्यामुळे ते ‘फ्लॅटहेड’ या नावाने ओळखले जाऊ लागले. २२१ घन इंच (सुमारे ३.६ लिटर) क्षमतेच्या पहिल्या इंजिनाची शक्ती ६५ अश्वशक्ती होती. इंजिन साधे व सहज उपलब्ध असले, तरी त्यात उणिवा होत्या. सिलिंडरमध्ये हवा व इंधन जाण्याचे मार्ग अरुंद होते. जळालेला वायू ब्लॉकमधून बाहेर पडत असल्याने इंजिन लवकर तापे.

१९३८ मध्ये एडेलब्रॉक यांनी १९३२ सालची एक फोर्ड रोडस्टर विकत घेतली. रोज वापरायची आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरवायची मोटार एकच होती. आरंभी त्यांनी टॉमी थिकस्टन यांच्यासमवेत इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्ब्युरेटरमधील मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या भागावर काम केले. त्या रचनेने समाधान न झाल्याने त्यांनी स्वतःचा मॅनिफोल्ड तयार केला. त्यावर दोन स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्ब्युरेटर बसत. बेचकीसारख्या आकारामुळे तो ‘स्लिंगशॉट’ या नावाने प्रसिद्ध झाला.

त्या काळी दक्षिण कॅलिफोर्नियातील वेगप्रेमी तरुण मोहावी वाळवंटातील कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत मोटारी पळवत असत. म्युरॉक व रोझामंड ही त्यांपैकी प्रमुख ठिकाणे होती. या स्पर्धांना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. १९४१ मध्ये रोझामंड येथे एडेलब्रॉक यांच्या रोडस्टरने ताशी १२१ मैलांहून (सुमारे १९५ किलोमीटर) अधिक वेग नोंदवला. मोटारीत कोणता भाग बसवला आहे हे इतर स्पर्धकांना दिसत होते. त्यामुळे मॅनिफोल्डची मागणी याच मैदानांतून येऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर शर्यती थांबल्या. एडेलब्रॉक यांनी युद्धकाळात लाँग बीच येथील गोदीत काम केले.

युद्धोत्तर व्यवसाय

युद्धानंतर एडेलब्रॉक यांनी दुरुस्तीपेक्षा भागांच्या निर्मितीवर भर दिला. १९४६ मध्ये त्यांनी आपल्या उत्पादनांची पहिली सूची प्रसिद्ध केली. मॅनिफोल्डच्या जोडीने ॲल्युमिनियमची सिलिंडर हेड आणि पिस्टन त्यांच्या कारखान्यात तयार होऊ लागले. लोखंडी हेडच्या तुलनेत ॲल्युमिनियमचे हेड हलके असते व उष्णता लवकर बाहेर टाकते, म्हणून तापणाऱ्या फ्लॅटहेडसाठी ते उपयुक्त ठरले. इंजिनाची प्रत्यक्ष शक्ती मोजण्यासाठी त्यांनी डायनॅमोमीटर वापरला. बॉबी मीक्स आणि फ्रॅन हर्नांडेझ हे त्यांचे या काळातील महत्त्वाचे सहकारी होते.

याच सुमारास त्यांनी ‘मिजेट’ या छोट्या शर्यती मोटारींचा संघ चालवला. या स्पर्धांत खास शर्यतीसाठी बनवलेल्या महागड्या ऑफेनहाउझर इंजिनांचे वर्चस्व होते. एडेलब्रॉक यांच्या मोटारीत मात्र फोर्डचे लहान व्ही-८ ६० इंजिन होते. ही तफावत भरून काढण्यासाठी त्यांनी नायट्रोमिथेन या इंधनाचे प्रयोग केले. या द्रव्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जाळता येते; परंतु प्रमाण चुकल्यास पिस्टन वितळून इंजिन निकामी होते. १९५० मध्ये लॉस एंजेलिसच्या गिलमोर स्टेडियमवर रॉजर वॉर्ड यांनी एडेलब्रॉक यांची मोटार चालवून ऑफेनहाउझर इंजिनांच्या मोटारींवर विजय मिळवला. वॉर्ड यांनी पुढे १९५९ व १९६२ मध्ये इंडियानापोलिस ५०० ही शर्यत जिंकली.

१९५५ मध्ये शेव्हरले कंपनीचे नवे व्ही-८ इंजिन आले. त्यात झडपा हेडमध्ये बसवलेल्या होत्या आणि त्यापुढे फ्लॅटहेड मागे पडणार हे उघड होते. ज्या इंजिनावर आपला व्यवसाय उभा राहिला त्यालाच चिकटून न राहता एडेलब्रॉक यांनी शेव्हरलेसाठी मॅनिफोल्ड तयार करण्यास आरंभ केला. कंपनी पुढील काळात टिकून राहिली, यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

मृत्यू

१९६२ मध्ये कर्करोगाने एडेलब्रॉक यांचे वयाच्या ४९ व्या वर्षी निधन झाले. मोजके कामगार असलेल्या कंपनीची जबाबदारी २६ वर्षांच्या व्हिक ज्युनियर यांच्यावर आली. वडिलांचे जुने सहकारी कामावर कायम राहिले, त्यामुळे कारखान्यातील अनुभव खंडित झाला नाही. व्हिक ज्युनियर यांनी २०१७ मधील आपल्या मृत्यूपर्यंत या क्षेत्रात काम केले.

वारसा

फ्लॅटहेड इंजिन फोर्डच्या पिकअप ट्रकमध्येही बसवले जात असे. अमेरिकेत १९५३ चे एफ-१०० हे ते इंजिन असलेले अखेरचे मॉडेल होय. शेतमाल वाहण्यासाठी घेतलेले हे ट्रक कालांतराने जुने झाले आणि स्वस्तात मिळू लागले. रोडस्टरप्रमाणेच त्यांचेही हॉट रॉडमध्ये रूपांतर होऊ लागले.

अशा पुनर्बांधणी केलेल्या पिकअपच्या विक्रीच्या जाहिरातीत इंजिन, मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर आणि हेड यांच्या निर्मात्यांची नावे दिलेली असतात व त्यांत एडेलब्रॉक हे नाव वारंवार आढळते. मूळ स्थितीत जतन केलेल्या ट्रकचे मोल त्याच्या अस्सलपणावरून ठरते. हॉट रॉडचे मोल मात्र बदल कोणी, कोणत्या भागांनी व किती नीटसपणे केले यावरून ठरते. एडेलब्रॉक कंपनीने फ्लॅटहेडसाठीचे भाग अलीकडच्या काळातही विक्रीस ठेवले आहेत. त्यामुळे बसवलेला भाग १९४० च्या दशकातील आहे की नवा, हे विक्रेत्याने स्पष्ट करणे आणि ग्राहकाने पावत्या व जुनी छायाचित्रे यांवरून पडताळणे महत्त्वाचे ठरते.