विश्लेषण : तेलविहिरीच्या चिखलात डिंक का मिसळला? प्लास्टिकमधल्या खनिजांशी भटनागरांचा काय संबंध?

मुंबई हायचा वायू समुद्राखालच्या वाहिनीतून रायगडच्या किनाऱ्यावर उरणला येतो. त्याच वायूच्या भरवशावर नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प उभा राहिला. तिथे पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीनचे दाणे बनतात. अशा दाण्यांत खनिजांची पूड मिसळली की प्लास्टिकचे गुण बदलतात. बारीक कण आणि लांब साखळीचे रेणू एकत्र आले की काय घडते, हा प्रश्न भारतात तेलविहिरीवर सोडवला होता डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांनी.

कोण होते भटनागर?

जन्म २१ फेब्रुवारी १८९४, भेरा (आता पाकिस्तानात). आठ महिन्यांचे असताना वडील गेले. इंजिनीअर आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या घरी ते वाढले आणि यंत्रांची गोडी तिथेच लागली. १९११ मध्ये, विद्यार्थी असतानाच, काकवी आणि कोळशाची पूड दाब व उष्णता देऊन बॅटरीची कांडी कशी करता येईल, हे त्यांनी वृत्तपत्राला कळवले. चिकट पदार्थ आणि पूड यांचे हे मिश्रण म्हणजे पुढच्या कामाची नांदीच.

१९२१ मध्ये लंडन विद्यापीठाची डीएस्सी मिळवून ते परतले. विषय होता मेदाम्लांचे क्षार आणि तेलाचा पृष्ठताण. बनारसला तीन वर्षे शिकवून १९२४ मध्ये ते लाहोरला गेले.

चिखलाचा प्रश्न काय होता?

विहीर खोदताना ड्रिलभोवती पातळ चिखल फिरवतात. १९३० च्या दशकात रावळपिंडीच्या अटॉक ऑइल कंपनीच्या विहिरीत या चिखलाला खारे पाणी लागले की तो घट्ट होई आणि खोदकाम थांबे. रायगडच्या खाड्यांतही असेच घडते. नदीचा गढूळ गाळ खाऱ्या पाण्यात आला की कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात.

भटनागरांनी चिखलात भारतीय डिंक मिसळला. डिंकाचे लांब रेणू मातीच्या कणांभोवती बसतात आणि कणांना एकत्र येऊ देत नाहीत. चिखल पातळ राहिला, मिठालाही दाद देईना.

पैशांचे काय झाले?

कंपनीचे लंडनचे भागीदार स्टील ब्रदर्स यांनी संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही मोठी रक्कम होती. भटनागरांनी ती विद्यापीठामार्फत घेऊन पेट्रोलियम संशोधन विभाग उभारला. स्वतःसाठी काही ठेवले नाही.

प्लास्टिकमध्ये खनिज का घालतात?

शंखजिरे घातले की पॉलिप्रॉपिलीन ताठ होते, उष्णतेत कमी वाकते आणि साच्यात कमी आकसते. चुनखडीची पूड सहसा स्वस्त पडते, पण तिने वस्तू जड होते. प्रमाण वाढले किंवा पुडीच्या गुठळ्या राहिल्या तर तडे तिथूनच सुरू होतात आणि वस्तू आपटल्यावर फुटते.

दोन प्लास्टिकच्या मिश्रणात आणखी एक पेच असतो. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन नीट एकजीव होत नाहीत. पूड कोणत्या भागात जाऊन बसते, यावरही ताकद ठरते. म्हणून चुनखडीच्या कणांना बहुधा स्टिअरिक आम्लाचा, म्हणजे एका मेदाम्लाचा, पातळ लेप देतात. लेप दिलेली पूड प्लास्टिकमध्ये सारखी पसरते. चिखलात जे काम डिंकाने केले, तेच इथे लेप करतो. दोन्हीकडे कणाच्या पृष्ठभागावर काय बसले आहे, हे महत्त्वाचे.

महाराष्ट्राला काय मिळाले?

१९४२ मध्ये सीएसआयआर स्थापन झाली आणि भटनागर तिचे प्रमुख झाले. त्यांच्या प्रयोगशाळांच्या साखळीतली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला आली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. पॉलिमर संशोधनात आज तिचे नाव आहे. उरणसमोर खाडीपलीकडे ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने यावेत, यासाठीच्या वाटाघाटींतही भटनागर होते.

१ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मुंबई हायचे तेल १९७४ मध्ये सापडले, ते पाहायला ते नव्हते. मात्र विहिरीचा चिखल सांभाळायला लांब साखळीचे रेणू मिसळण्याची पद्धत आजही चालू आहे.