वाल्डेमार हाफकिन : प्रयोगशाळेपासून वस्तीपर्यंत



स्मरणिकेसाठी आपापल्या क्षेत्राविषयी काही लिहा, असा समितीचा निरोप आला. माझे क्षेत्र म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातली औषधांची खोली. तिथे मी ३१ वर्षे औषधनिर्माण अधिकारी होते. लसींचा फ्रीज, गोळ्यांचा साठा, सर्पदंशावरच्या इंजेक्शनांचा हिशेब यात नोकरी कधी संपली ते कळले नाही. एवढ्या वर्षांत मी खोक्यांवर एक नाव सतत वाचले, ते हाफकिन. पुष्कळांना हे एका सरकारी संस्थेचे नाव वाटते. संस्था परळला आहेच, पण ज्यांच्यावरून ते नाव पडले ते गृहस्थ मोठे विलक्षण होते. माझ्याविषयी लिहिण्यापेक्षा त्यांच्याविषयी लिहिते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. शिक्षण प्राणिशास्त्राचे. म्हणजे ज्या माणसाने पुढे लाखो लोकांना लस दिली, तो डॉक्टर नव्हता. विद्यार्थिदशेत चळवळीत पडल्यामुळे ते तुरुंगात जाऊन आले. हुशारी असूनही ज्यू असल्यामुळे विद्यापीठात जागा मिळेना. धर्म बदला म्हणजे जागा मिळेल, असे सुचवले गेले, ते त्यांनी मानले नाही. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम धरले. ते काम ग्रंथालयातले होते. फावल्या वेळात प्रयोगशाळेत बसून त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली.

लस तयार झाली, पण ती खरोखर माणसाला वाचवते का? हे पाहायचे तर जिथे पटकी दरवर्षी येते तिथे जायला हवे होते. म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले आणि पुढची दोन-अडीच वर्षे उत्तर हिंदुस्थानभर फिरले. या काळात सुमारे ४२,००० लोकांना त्यांनी लस दिली, तीही फक्त राजी असलेल्यांना. कलकत्त्याच्या वस्त्यांत ते स्थानिक भारतीय डॉक्टरांना बरोबर घेऊन जात. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्यांत कोणी लस घेतली, कोणी नाही आणि पुढे कोण आजारी पडले, याची ते नोंद ठेवत.

इथे मला आपल्या शाळेतला दोन कुंड्यांचा प्रयोग आठवतो. एक कुंडी खिडकीत, एक अंधाऱ्या कपाटात. माती तीच, पाणी तेवढेच. फरक एकाच गोष्टीचा ठेवायचा, नाहीतर उत्तराला अर्थ नाही, असे सरांनी बजावले होते. कुंड्यांच्या बाबतीत हे सोपे आहे. पण साथ पेटलेली, माणसे भेदरलेली आणि हातात मोजकीच लस, अशा वेळी हा नियम पाळणे किती अवघड असेल! हाफकिन यांनी तो पाळला. त्यांची खरी थोरवी मला इथेच दिसते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारने ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. जंतू वाढवण्यासाठी त्यांनी बोकडाच्या मांसाचा अर्क वापरला, कारण गाईचे किंवा डुकराचे काही त्यात असते तर कोणी लस घेतली नसती. त्या अर्कावर ते तुपाचे थेंब सोडत. तुपाच्या थराखाली प्लेगचे जंतू लोंबत्या झुंबरासारखे वाढत. मग उष्णता देऊन ते मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. महिना संपण्याआधी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी आपणहून लस घेतली. त्यानंतर लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला, दगावले कोणीच नाही.

तो काळ आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक आहे. त्याच मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सोजिरांनी घरात घुसून झडती घ्यायची, माणसे उचलून न्यायची, सामान जाळायचे, हा सरकारचा उपाय होता. हाफकिन यांच्या उपायाला माणसाची संमती लागत होती. संमती मिळवायची तर पुरावा दाखवावा लागतो आणि तो लोकांच्या डोळ्यांसमोर मिळालेला असावा लागतो.

असा पुरावा १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातल्या उंडेरा गावी मिळाला. प्लेग आलेल्या त्या गावात प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. घर तेच, चूल तीच, उंदीरही तेच. काही आठवड्यांनी मोजणी झाली तेव्हा २८ कुटुंबांत प्लेग शिरलेला आढळला. त्या घरांतल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला होता आणि २६ मेले होते. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला, ३ मेले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हेही या आकड्यांतून स्वच्छ दिसते आणि हाफकिन यांनी ते झाकले नाही. मात्र ते २६ मृत्यू वाचताना मन थांबते. निम्म्यांना वगळण्याची अशी मांडणी आज कोणतीही नीतिसमिती सहज मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या वेळी या लशीचा उपयोग किती हे अजून ठरायचे होते, आणि त्यानंतर लाखो लोकांनी विश्वासाने हात पुढे केले ते अशाच आकड्यांवर.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. लशीची मागणी इतकी वाढली की ती तयार करण्याची रीत बदलावी लागली. त्यात कार्बोलिक आम्ल घालणे बंद करून केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. मेलेले सगळे ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले होते.

चौकशीत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन निलंबित झाले आणि १९०४ मध्ये देश सोडून गेले. पुढे कागदपत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा वेगळेच चित्र दिसले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता नुसता जंतुनाशकात बुडवून तसाच वापरला होता. शिवाय जंतू मुंबईतच शिरले असते, तर बाटली उघडताना घाण वास आला असता, तो आला नव्हता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक नामवंतांनी १९०७ मध्ये हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. ते परत आले, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले. तोवर तिथून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे त्यांचे निधन झाले.

मलकोवालची हकिकत मी नोकरीच्या सुरुवातीलाच वाचली आणि कामाकडे बघण्याची माझी नजर बदलली. बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कोणती बाटली टोचली याची नोंद होती, म्हणून दोष कुठे शोधायचा हे कळले. आमच्या केंद्रात बॅच नंबर लिहिताना, कुपी उघडल्याची तारीख-वेळ टाकताना नवे लोक कंटाळत. त्यांना मी ही गोष्ट सांगत असे.

एक खंतही सांगते. आमचे आकडे दर महिन्याला तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जात. कोणत्या पाड्यावर कोणते औषध उपयोगी पडले, कुठे पडले नाही, याचे उत्तर होऊन ते आमच्याकडे क्वचितच परतले. हाफकिन ज्या वस्तीत टोचत, त्याच वस्तीत मोजत आणि त्यावरून पुढचे ठरवत. संशोधन आणि सेवा त्यांनी वेगळ्या खात्यांत वाटली नव्हती. आपल्या तुकडीतले आणि आपल्या मुलांपैकी अनेक जण आज आरोग्यसेवेत आहेत. एवढी एक गोष्ट त्यांनी त्यांच्याकडून घ्यावी.

आणि आपण सगळे आता आजी-आजोबा झालो आहोत. नातवंडाला लस द्यायला न्याल, तेव्हा टोचल्यावर सिस्टर अर्धा तास थांबायला सांगेल आणि वहीत काहीबाही लिहीत बसेल. घाई करू नका. बाळाला मांडीवर घेऊन बसा, आणि तिला नीट लिहू द्या.