निसेफोर निएप्स : चिमूटभर भुकटीवर होडी चालवणारा माणूस



आठवी-नववीच्या वर्गात विचारून बघा, जगातला पहिला टिकलेला फोटो कुणी काढला? सामान्यज्ञानाची पुस्तकं चाळलेलं एखादं मूल पटकन सांगेल, निएप्स. मग पुढचा प्रश्न टाका. फोटोच्या आधी या माणसानं काय केलं? इथे बहुतेक वर्ग गप्प बसतो, आणि खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही गप्पच बसलो असतो. म्हणून आज निएप्सचं चरित्र जरा वेगळ्या टोकाकडून सांगतो. कॅमेरा नंतर येईल. सुरुवात एका पिवळ्या भुकटीपासून करू.

जोसेफ निएप्सचा जन्म ७ मार्च १७६५ चा. गाव शालों, फ्रान्सच्या बरगंडी भागात सोन नदीच्या काठी. वडील वकील, घरची शेतीवाडी, मळे, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ क्लोद. या दोघांची जोडी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. निसेफोर हे नाव त्यानं मोठेपणी स्वतःच घेतलं. ख्रिस्ती मठाच्या शाळेत तो शिकला, काही काळ शिकवलंसुद्धा, म्हणजे आपल्यातलाच. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९२ मध्ये तो सैन्यात गेला, भूमध्य समुद्रातल्या सार्डिनियाच्या मोहिमेवर जाऊन आला, आजारी पडला आणि सैन्य सोडलं. १७९४ मध्ये नीस शहरात आन्येस रोमेरोशी लग्न, पुढच्या वर्षी मुलगा इसिदोर. क्लोदही तिथे येऊन राहिला. १८०१ मध्ये दोघे भाऊ गावी परतले ते डोक्यात एक कल्पना घेऊनच. वाफेच्या इंजिनात आग बाहेर जळते, पाणी तापवते, वाफ होते, मग दट्ट्या हलतो. एवढा वळसा कशाला? आग थेट यंत्राच्या पोटातच लावली तर? पेटल्यावर हवा एकदम फुगते, त्या धक्क्यानंच काम करून घ्यायचं.

कल्पना सोपी वाटते. पण पोटात जाळायचं काय? तेव्हा पेट्रोल नव्हतं. लाकूड, कोळसा हळूहळू जळतात, राख मागे ठेवतात. हवं होतं असं काहीतरी, जे हवेत मिसळेल, ठिणगी लागताच क्षणात सगळं पेटेल आणि मागे कचरा उरणार नाही. भावांनी निवडली लायकोपोडियमची भुकटी.

आता थोडं वनस्पतिशास्त्र. कारण ही भुकटी म्हणजे काय हे कळलं नाही, तर पुढे या भावांची अडचण कळणार नाही.

लायकोपोडियम ही जमिनीवर सरपटत जाणारी, बारीक पानांची, सदाहरित वनस्पती. युरोपातल्या थंड माळरानांवर आणि पाइनच्या जंगलांत वाढते. इंग्रजीत तिला क्लब मॉस म्हणतात, पण ती शेवाळ नव्हे. ती नेच्यांसारखी, बीजाणूंवर वाढणारी. नावाचा ग्रीक अर्थ लांडग्याचा पाय. उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या दांड्यांवर गदेसारखे छोटे तुरे उभे राहतात आणि त्यांत बीजाणू भरतात. बीजाणू म्हणजे नुसती धूळच! एकेकाची जाडी साधारण ०.०३ मिलिमीटर. गोळा करायची रीत अशी : तुरे पूर्ण फुटण्याआधी हातानं कापायचे, वाळवायचे, झटकायचे आणि आलेली पिवळी पूड बारीक चाळणीनं चाळून घ्यायची. कापायला उशीर झाला तर माल वाऱ्यावर गेलाच. टोपलीभर तुऱ्यांतून हाती येते ती थोडीशी पूड. रशिया, जर्मनी, स्वित्झर्लंडकडून ती बाजारात येई, आणि महाग म्हणून तिच्यात पाइनचे पराग, स्टार्च वगैरे भेसळही होई. (स्टार्चची भेसळ ओळखायला आयोडीनचा थेंब! आपण मुलांना बटाट्यावर करून दाखवतो तीच परीक्षा.)

या पुडीला गिऱ्हाईक कोण? औषधवाले. गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तिच्यात घोळवत. तान्ह्या बाळांच्या अंगाला ती लावत, कारण ती पाण्याला जवळ येऊ देत नाही. पाण्यावर तिचा थर पसरून बोट बुडवलं तर बोट कोरडं बाहेर येतं. आणि तिसरं गिऱ्हाईक नाटकवाले. नळीतून पूड ज्योतीवर फुंकली की भप्पकन मोठा जाळ होतो आणि लगेच विझतो. रंगमंचावरची वीज ती हीच. आपल्याकडे होमिओपॅथीच्या बाटलीवर लायकोपोडियम हे नाव अनेकांनी वाचलेलं असेल. तेही याच वनस्पतीच्या बीजाणूंवरून.

आता ही पूड अशी भडकते का? बीजाणूंत तेल भरपूर असतं, हे एक. दुसरं कारण वर्गात फळ्यावर मांडण्यासारखं आहे. १ सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे ०.०३ मिलिमीटर बाजूचे तुकडे केले तर साडेतीन कोटींहून जास्त तुकडे होतात आणि एकूण पृष्ठफळ होतं जवळजवळ २००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाएवढं. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरच भेटतो. म्हणून पुडीचा ढीग धुमसतो आणि तीच पूड हवेत उडाली की स्फोट होतो. पिठाच्या कारखान्यांत, साखरेच्या गोदामांत धुळीचे स्फोट होतात ते याच कारणानं. पालकांना कळकळीची विनंती, हे ज्योतीवर फुंकायचं प्रकरण घरात करू नका, मुलांनाही करू देऊ नका. पाण्यातलं कोरडं बोट पुरेसं आहे, त्यातही मुलं चकित होतात.

तर निएप्स बंधूंनी नाटकातली ही वीज धातूच्या बंद पेटीत कोंडली. भात्यानं हवेचा झोत सोडायचा, तो वाटेत थोडी पूड उचलणार, पुढे जळत्या वातीवरून जाणार आणि पेटीत पोचताना भडकणार. त्या दाबानं होडीच्या मागच्या नळीतलं पाणी जोरात बाहेर फेकलं जाई आणि होडी पुढे सरके. मग नळीत पुन्हा पाणी, पुन्हा हवा, पुन्हा पूड. मिनिटाला असे १२-१३ ठोके. यंत्राला नाव दिलं पिरेओलोफोर. अग्नी, वारा आणि वाहून नेणारा अशा तीन ग्रीक शब्दांतून ते जुळवलं. होडी सोन नदीत प्रवाहाच्या उलट दिशेनं चालली. डिसेंबर १८०६ मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेत लाझार कार्नो आणि रसायनशास्त्रज्ञ बर्तोले यांनी यंत्राबद्दल चांगला अहवाल दिला. २० जुलै १८०७ ला नेपोलियनच्या सहीनं दहा वर्षांचं पेटंट मिळालं. त्यानंतर महिन्याभरात तिकडे अमेरिकेत हडसन नदीवर फुल्टनची वाफेची बोट धावली. फुल्टनचं नाव आपल्या पुस्तकांत आलं. दुसऱ्या होडीचं आलं नाही.

का आलं नाही? पुडीच्या भावामुळे. निदान मोठं कारण ते. नाटकात चिमूटभर पुरते. इथे दर मिनिटाला बारा-तेरा वेळा पूड जाळायची होती, आणि ती जमा होणार माणसांच्या हातानं, जंगलातून, वर्षातल्या काही आठवड्यांतच. कार्नोंच्या अहवालातही हा महागडेपणा नोंदवलेला आहे. भावांनी मग दगडी कोळशाची बारीक पूड करून त्यात थोडी राळ मिसळून पाहिली. ती चालली, पण यंत्र बाजारात उभं राहील एवढं काही झालं नाही. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी इथे थांबावं : ज्या सादी कार्नोचं आदर्श इंजिन आपण शिकवतो तो या लाझारचा मुलगा. त्यानं १८२४ च्या आपल्या छोट्या ग्रंथात निएप्स बंधूंच्या या यंत्राची दखल घेतली आहे, आणि परवडणारं योग्य इंधन मिळणं हीच खरी अडचण होती असं त्याचंही मत होतं.

पेटंटची दहा वर्षं सरत आली. १८१६ मध्ये क्लोद यंत्राला गिऱ्हाईक शोधायला पॅरिसला गेला, १८१७ मध्ये तिथून इंग्लंडला. तो परत आलाच नाही. आयुष्यभर एका घरात, एका कामात असलेले दोन भाऊ, आता फक्त पत्रं. माझ्या मते या चरित्राचा सांधा इथेच आहे. क्लोद घरी असता तर बोलणं अंगणातच झालं असतं आणि आपल्यापर्यंत काही पोचलं नसतं. तो दूर गेला म्हणून धाकट्यानं दर नव्या प्रयोगाची हकिगत लिहून पाठवली. १८१६ च्या पत्रांत, खिडकीतून दिसणारं दृश्य काळ्या पेटीतल्या कागदावर उमटल्याची बातमी आहे. चित्र उलटं म्हणजे उजेडाच्या जागी काळं होतं आणि ते टिकवता येत नव्हतं. त्याच काळातल्या पत्रांत इंजिनही आहे. १८१७ च्या सुमारास पुडीऐवजी पांढरं खनिज तेल फवारून जाळायचा विचार या भावांनी केला होता. आजच्या गाडीच्या किती जवळ आले होते बघा!

चित्र टिकवायचा मार्ग निएप्सला सापडला तो डांबरात. यहुदी प्रदेशातलं नैसर्गिक डांबर लॅव्हेंडरच्या तेलात विरघळवून पत्र्यावर पातळ थर द्यायचा. उजेड लागेल तिथे तो कडक होतो, न लागेल तिथला भाग धुऊन काढता येतो. आणि धुवायला काय वापरलं? लॅव्हेंडरचं तेल आणि पांढरं खनिज तेल. इंजिनासाठी जे तेल मनात घोळत होतं, ते इथे कामी आलं. १८२६-२७ च्या सुमारास सें-लू-द-वारेन गावच्या घरातल्या वरच्या खिडकीतून त्यानं कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर चित्र घेतलं. पत्रा सुमारे १६ बाय २० सेंटिमीटरचा. निदान आठ तास, कदाचित काही दिवस उजेड द्यावा लागला. म्हणून त्यात इमारतींच्या दोन्ही बाजूंना ऊन दिसतं. मुलांना हे जरूर दाखवा आणि असं का, ते त्यांनाच सांगू द्या.

१८२७ मध्ये तो भावाला भेटायला इंग्लंडला गेला. लंडनजवळ क्यू इथे त्याला दिसला तो आजारी, भ्रमिष्ट झालेला क्लोद. आपोआप कायम चालत राहणाऱ्या यंत्राच्या नादात त्याचं डोकं आणि घराण्याचा पैसा दोन्ही गेलं होतं. निएप्सनं तिथल्या रॉयल सोसायटीपुढे आपली चित्रं ठेवायचा प्रयत्न केला. पण कृती पूर्ण सांगायला तो तयार नव्हता, म्हणून तेही फिसकटलं. चित्राचा तो पत्रा त्यानं क्यूमधले वनस्पतींचे चित्रकार फ्रान्सिस बाउअर यांच्याकडे ठेवला आणि तो परतला. फेब्रुवारी १८२८ मध्ये क्लोद गेला.

पुढचा भाग तुम्हाला माहीत असेल. १४ डिसेंबर १८२९ ला त्यानं पॅरिसच्या लुई दागेरशी भागीदारी केली, आपली सगळी कृती लिहून दिली. ५ जुलै १८३३ ला तो अचानक वारला. वय ६८, डोक्यावर कर्ज. १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती दागेरच्या नावानं. फ्रेंच सरकारनं दागेरला वर्षाला ६००० फ्रँक आणि इसिदोरला ४००० फ्रँक पेन्शन लावलं. दागेरनं पद्धत पुष्कळ सुधारली, हे खरंच. तरीही नाव पूर्णपणे पुसलं जावं इतकं काही निएप्सचं काम लहान नव्हतं. बाउअरकडचा पत्रा पुढे हरवला. १९५२ मध्ये इतिहासकार हेल्मुट गेर्न्सहाइम यांनी तो इंग्लंडमध्ये एका पेटाऱ्यातून शोधून काढला. आज तो अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात आहे.

पिवळ्या पुडीचं मात्र आणखी एक सांगायचं राहिलं. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर अक्षरांची प्रत उमटते का ते बघत होता. पत्रा रुमालानं घासून त्यानं त्यावर वीजभार आणला, शाईनं लिहिलेली काच वर ठेवून उजेड दिला आणि मग पत्र्यावर लायकोपोडियमची पूड भुरभुरली. फुंकर मारल्यावर पूड उरली ती फक्त अक्षरांवर. त्या दिवसाची तारीख आणि अ‍ॅस्टोरिया हे नाव. शाळेच्या कोपऱ्यात आपलं झेरॉक्स यंत्र असतं ना, त्याची ही पहिली प्रत.