सर सी. व्ही. रामन : क्षीण प्रकाशाचा माग

नोकरीसाठी घरापासून दूर राहणे आपल्या मंडळींना नवे नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांचीही सुरुवात तशीच झाली. 1888 साली तिरुचिरापल्लीजवळ जन्मलेले रामन 1907 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, अर्थखात्याचे अधिकारी म्हणून कोलकात्यास आले. पुढे रंगून आणि आपले नागपूर अशा बदल्या झाल्या. 1911 मध्ये ते पुन्हा कोलकात्यात परतले. ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर ते बहूबाजारातील विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत. 1917 मध्ये पक्की सरकारी नोकरी सोडून त्यांनी कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. संसारी माणसालाच या निर्णयाचे वजन कळेल!

28 फेब्रुवारी 1928 रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साथीने, त्यांना हवे ते सापडले. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशातील अगदी थोडा भाग आपला रंग किंचित बदलतो, आणि तो बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो. जणू रेणूचे ओळखपत्रच! 1930 चे नोबेल त्यासाठीच मिळाले.

माणूस मात्र हट्टी. 1933 मध्ये बंगळूरच्या संस्थेत कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना केवळ स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा कुठे अटी घालून घेतले. थोरांचीही ही बाजू लिहिली पाहिजे.

रामन 21 नोव्हेंबर 1970 रोजी गेले. त्यांच्या प्रकाशाची अडचण आम्हा सिग्नलवाल्यांना चटकन समजेल : माहिती अचूक, पण सिग्नल फारच क्षीण. साधारण कोटी प्रकाशकणांमागे एखादाच रंग बदलतो. 1974 मध्ये इंग्लंडातील साउथॅम्प्टन येथे खडबडीत चांदीवर चिकटलेल्या रेणूंचा हा सिग्नल आश्चर्यकारक जोरदार मिळाला. सोन्याचांदीचे सूक्ष्म पृष्ठभाग ॲम्प्लिफायरचे काम करतात, हे त्यातून उलगडले.

2008 मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे शुमिंग नाय यांच्या गटाने सुमारे 60 नॅनोमीटरचे सोन्याचे कण घेतले. त्यांवर ओळखीचा रेणू आणि कर्करोगाच्या पेशींना चिकटणारे प्रतिपिंड बसवून ते जिवंत उंदरांच्या रक्तात सोडले. बाहेरून लेसर टाकताच त्वचेखालच्या गाठीतून सिग्नल आला. 2012 मध्ये स्टॅनफर्डला संजीव गंभीर यांच्या गटाने असेच कण वापरून उंदरांच्या मेंदूतील गाठ काढताना मागे राहिलेला भागही शोधला. माणसांवर याचा नित्य वापर अजून नाही. हे कण यकृतात साठून राहतात, तो प्रश्न आधी सुटायला हवा.