कावसजी

कावसजी (अठरावे शतक) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात बैल हाकण्याचे काम करणारे मराठा शेतकरी होते. पुण्याजवळ त्यांच्या चेहऱ्यावर नवे नाक बसविण्यात आले. या शस्त्रक्रियेच्या वर्णनामुळे नाक घडविण्याची भारतीय पद्धत युरोपात पोहोचली.

बंदिवास

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–९२) कावसजी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तेथे त्यांचे नाक व एक हात कापण्यात आला. तशाच अवस्थेत ते श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाले. पुढे त्यांना कंपनीचे निवृत्तिवेतन मिळू लागले. नाक कापले जाणे ही अप्रतिष्ठेची खूण मानली जाई. मराठी वाक्प्रचारात हा अर्थ आजही टिकून आहे. कावसजी वर्षाहून अधिक काळ नाकाविना राहिले.

शस्त्रक्रिया

१७९३ मध्ये विटा पाडणाऱ्या जातीतील एका वैदूने त्यांच्यावर उपचार केले. नोंदीत या वैदूची जात आली, नाव आले नाही. या पद्धतीत मेणाचे नाक करून ते सपाट करीत व कपाळावर ठेवून त्याची कड आखीत. तेवढी त्वचा सोडवून, भुवयांमधील पट्टी न तोडता, ती खाली वळवून बसवीत. या पट्टीतून रक्तपुरवठा चालू राही. सांध्यावर भिजविलेल्या काताच्या व नंतर तुपाच्या पट्ट्या ठेवीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापीत.

कूर्चेचे महत्त्व

नाकाच्या खालच्या भागाला आकार व लवचीकपणा कूर्चेमुळे (कास्थी) येतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण भोवतालच्या आवरणातून झिरपून मिळते. त्यामुळे नष्ट झालेली कूर्चा पुन्हा वाढत नाही. कावसजींचे नवे नाक केवळ त्वचेचे होते. अशा नाकपुड्या मिटू नयेत म्हणून दहाव्या दिवशी त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. पुढील काळात शल्यचिकित्सक आधारासाठी बरगडीची किंवा कानाची कूर्चा वापरू लागले.

प्रभाव

शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, जेम्स वेल्स यांनी कावसजींचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते वर्णनासह छापले गेले. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले हे मुंबईचे इंग्रज वैद्यक या पद्धतीचे साक्षीदार होते. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कपाळाच्या त्वचेचा हा उपयोग आजही प्रचलित आहे.