गवंड्याच्या घरातील गणिती

जर्मनीतील ब्रन्सविक या शहरात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डोरोथिया नावाची एक कष्टाळू स्त्री राहत असे. ती एका पाथरवटाची मुलगी. लग्नापूर्वी काही वर्षे तिने परक्या घरी मोलकरणीचे काम केले होते. तिला लिहिता येत नव्हते व वाचनही बेताचेच होते. तिला एकच मूल झाले. परंतु त्या मुलाची जन्मतारीख काही तिने टिपून ठेवली नाही. तो दिवस बुधवारचा होता आणि येशू ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला तेव्हा आठ दिवस उरले होते, एवढेच तिच्या स्मरणात राहिले. आपल्याकडील जुन्या आजीबाईही नातवंडाचा जन्म नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा किंवा होळीनंतर तिसऱ्या दिवशीचा, असेच सांगत असत. सण ध्यानात राहतो, तारीख राहत नाही.

हा मुलगा म्हणजेच जगातील थोर गणितज्ञांमध्ये ज्याची गणना होते तो कार्ल फ्रीडरिख गाउस होय.

कार्लचे वडील गेबहार्ट हे गवंडीकाम करीत, बागकाम करीत, कालव्यांच्या कामावर राबत आणि कधी इतर मजुरांवर मुकादम म्हणून देखरेखही ठेवीत. ते प्रामाणिक होते, शब्दाचे पक्के होते. मात्र स्वभावाने फार करडे होते. त्यांच्यापुढे घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. परंतु त्यांना लिहिणे आणि हिशेब ही दोन्ही चांगली येत होती. त्यामुळे मजुरांच्या मजुरीचा हिशेब त्यांच्याकडेच असे, आणि तो हिशेब पुष्कळदा घरी बसूनच होत असे. कोणी किती तास काम केले, जादा काम किती, त्याचे किती नाणी होतात, हे सारे मोठ्याने मोजले जाई. छोट्या कार्लच्या कानांवर अंगाईगीतांइतक्याच सहजतेने हे आकडे पडत होते.

कार्ल तीन वर्षांच्या आतबाहेरचा असताना एक प्रसंग घडला. आठवड्याची मजुरी वाटण्याचा दिवस होता. वडिलांनी आकडेमोड पुरी केली व ते पैसे देण्याच्या बेतात होते. इतक्यात हिशेब चुकला आहे, बेरीज इतकी नव्हे तर इतकी येते, असे तो बालक बोबड्या बोलांत सांगू लागला. जमलेले लोक हसले असतील. परंतु वडिलांनी पुन्हा बेरीज करून पाहिली, तेव्हा मुलाचेच उत्तर खरे ठरले.

हा प्रसंग स्वतः गाउसने म्हातारपणी आपल्या मित्रांना सांगितला होता. थोर पुरुषांच्या बालपणीच्या गोष्टींना कालांतराने थोडा रंग चढतोच, आणि याही गोष्टीला तो चढला नसेल असे नाही. पण एक गोष्ट त्यावरून स्पष्ट दिसते. कार्लला अंक शिकविण्यासाठी कोणी मुद्दाम बसले नव्हते. घरात जो खरा हिशेब चाले, ज्यावर कोणा मजुराची आठवड्याची भाकरी अवलंबून असे, तो त्याने कान देऊन ऐकला होता आणि मनातल्या मनात स्वतःही करून पाहिला होता. आपण बोलू लागण्यापूर्वीच हिशेब करू लागलो होतो, असे तो पुढे थट्टेने म्हणत असे.

वाचायलाही तो असाच शिकला. घरातील माणसांना व येणाऱ्याजाणाऱ्यांना तो एकेका अक्षराचा उच्चार विचारी. आज एक, उद्या दुसरे, असे करीत त्याने सारी अक्षरे गोळा केली आणि शब्द लावण्याची खटपट सुरू केली. त्याचे मामा फ्रीडरिख हे विणकर होते. नक्षीदार तलम कापड विणण्यात त्यांचा हात धरणारा मिळणे कठीण होते. शिक्षण नसले तरी ते मोठे बुद्धिमान होते, आणि भाच्याच्या बुद्धीला धार यावी म्हणून ते त्याच्याशी निरनिराळ्या विषयांवर बोलत असत. या मामांची आठवण गाउसने अखेरपर्यंत कृतज्ञतेने जपली.

एकदा तर हे सारे पाण्यातच जायचे. घराजवळून एक कालवा वाहत होता. लहानगा कार्ल खेळता खेळता त्यात पडला. कोणीतरी वेळीच धावून त्याला बाहेर काढले म्हणून तो वाचला.

सातव्या वर्षी, म्हणजे १७८४ साली, कार्ल शाळेत जाऊ लागला. ठेंगण्या छताच्या, ओबडधोबड जमिनीच्या एका खोलीत शंभराच्या आसपास मुले बसत. बुटनर नावाचे मास्तर हातात चाबूक घेऊन त्यांच्यामधून फेऱ्या मारीत. त्या काळी शाळा म्हटली की असेच असावयाचे. दोन वर्षांनी कार्ल गणिताच्या वर्गात आला. तेथे अशी रीत होती की, ज्याचे गणित आधी होईल त्याने आपली पाटी मधल्या मोठ्या मेजावर पालथी ठेवावी. पुढच्याने आपली पाटी तिच्यावर ठेवावी.

एके दिवशी मास्तरांनी मुलांना एक लांबलचक बेरीज घातली. एक ते शंभरपर्यंतच्या सर्व संख्यांची ती बेरीज होती, असे ही गोष्ट सांगणारे बहुतेक सांगतात. मुले आता तासभर तरी गप्प बसतील, अशी मास्तरांची अटकळ असावी. परंतु गणित सांगून होते न होते तोच कार्लने पाटी मेजावर ठेवली आणि तो हाताची घडी घालून बसला. इतर मुले घाम गाळीत एकात दोन, तीनात तीन अशी भर घालीत राहिली. मास्तर त्याच्याकडे कधी रागाने, कधी कीव करून पाहत होते. अखेर पाट्या उलथ्या करून तपासल्या गेल्या. कार्लच्या पाटीवर एकच संख्या होती व ती बरोबर होती. ज्यांच्या पाट्या आकड्यांनी भरल्या होत्या, त्यांपैकी अनेकांची उत्तरे चुकली होती आणि त्यांच्या पाठीवर चाबूकही बसला.

कार्लने बेरीज केली नव्हती. त्याने आधी संख्यांकडे नीट पाहिले होते. पहिली संख्या १ व शेवटची १००, त्यांची बेरीज १०१. दुसरी २ व शेवटून दुसरी ९९, त्यांचीही १०१. तिसरी ३ व ९८, पुन्हा १०१. दोन्ही टोकांकडून एकेक पाऊल आत येत गेले की दरवेळी तेच उत्तर मिळते. अशा जोड्या होतात ५०. म्हणून १०१ ला ५० ने गुणले की ५०५० हे उत्तर हाती येते. एक ते दहापर्यंतच्या संख्यांवर हा प्रयोग करून पाहिला, तर ११ च्या पाच जोड्या, म्हणजे ५५, हे बोटांवरही ताडून पाहता येते. ही युक्ती कोणी त्याला शिकविली नव्हती.

बुटनर कडक होते खरे. परंतु त्यांची कठोरता डोळ्यांवर आली नव्हती. या मुलाला आपल्याजवळचे पुस्तक पुरणार नाही हे त्यांनी ओळखले आणि पदरचे पैसे खर्चून हँबर्गहून अंकगणिताचे एक चांगले पुस्तक मागविले. त्यांच्या हाताखाली बार्टेल्स नावाचा एक तरुण होता. मुलांच्या पिसांच्या लेखण्या तासून देणे हे त्याचे काम. तो कार्लपेक्षा आठ वर्षांनी मोठा होता, पण गणिताची गोडी दोघांना सारखीच. दोघे एकत्र बसून पुस्तके वाचू लागले व कूटप्रश्न सोडवू लागले. हा लेखण्या तासणारा तरुणही पुढे विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला.

घरी मात्र अडचण होती. मुलाने आपल्यासारखेच कष्टाचे एखादे काम शिकावे आणि संसाराला हातभार लावावा, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. गवंड्याच्या घरात दोन हातांची किंमत मोठी असते. कार्लला रोज संध्याकाळी जवसाच्या तंतूंचे सूत कातावे लागे. दिव्याचे तेल व सरपण वाचावे म्हणून हिवाळ्यात त्याला लवकर निजावयास पाठवीत. मग तो माळ्यावर जाऊन सलगमाचा एक कंद कोरी, त्यात थोडी चरबी घालून कापसाची वात लावी आणि त्या मिणमिणत्या उजेडात थंडीने हात आखडेपर्यंत वाचीत बसे. या सगळ्या काळात आईने मुलाची बाजू सोडली नाही. पुस्तकात काय आहे ते तिला कळत नव्हते. परंतु नवऱ्याच्या मर्जीविरुद्ध जाऊन तिने मुलाच्या शिक्षणाचा आग्रह धरला. शेवटी मास्तरांनीही वडिलांची समजूत घातली व सूत कातण्यातून कार्लची सुटका झाली. वडिलांनी तो चरखा अंगणात नेऊन फोडला व त्याचे सरपण केले, असे सांगतात.

पुढची वाटचाल भराभर झाली. १७९१ साली चौदा वर्षांच्या कार्लची ब्रन्सविकच्या ड्यूकशी भेट झाली आणि ड्यूकने त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. १७९५ साली तो गॉटिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. सतरा समान बाजूंची आकृती केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने काढता येते, हे त्याने १७९६ मध्ये सिद्ध केले. हा प्रश्न दोन हजार वर्षे कोणाला सुटला नव्हता. गाउसला तेव्हा एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. १८०१ च्या प्रारंभी सीरीस नावाची एक नवी ज्योती ज्योतिर्विदांना दिसली आणि थोड्याच दिवसांत दिसेनाशी झाली. गाउसने केवळ गणिताने तिचा मार्ग काढला. वर्षअखेरीस ती त्याने सांगितलेल्या जागेच्या जवळच सापडली. १८०७ साली गॉटिंगेनच्या वेधशाळेची सूत्रे त्याच्याकडे आली.

या साऱ्या कीर्तीचा आईला नीट उलगडा होत नव्हता. गाउस विद्यार्थी असताना तिने त्याच्या एका मित्राला गाठून, माझ्या मुलाच्या हातून काही होईल का, असे भीतभीतच विचारले. तो सगळ्या युरोपातील पहिला गणितज्ञ होईल, असे मित्राने सांगताच तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

ईस्टरचा सण वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, म्हणून त्याची तारीख दरवर्षी बदलते. कोणत्याही वर्षी तो कधी येईल हे काढण्याची रीत गाउसने १८०० साली प्रसिद्ध केली. स्वर्गारोहणाचा सण ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी असतो. १७७७ साली ईस्टर ३० मार्चला होता. त्यावरून स्वर्गारोहणाचा दिवस गुरुवार, ८ मे. त्याच्या आठ दिवस आधीचा बुधवार म्हणजे ३० एप्रिल. आईच्या आठवणीतील सण व वार यांवरून मुलाची जन्मतारीख ही अशी निघते.

वडील १८०८ साली वारले. १८१७ मध्ये गाउसने आईला आपल्याजवळ गॉटिंगेनला आणले. मोठमोठे विद्वान जेथे येत, त्या वेधशाळेच्या घरात ती आपल्या साध्या खेडवळ पोशाखातच वावरत असे. बावीस वर्षे ती तेथे राहिली. शेवटची चार वर्षे तिला दिसत नव्हते, तेव्हा गाउस स्वतः तिची शुश्रूषा करी व ते काम दुसऱ्या कोणावर सोपवीत नसे. १८३९ च्या एप्रिलमध्ये, वयाची पंचाण्णव वर्षे उलटल्यावर, तिने मुलाच्या घरीच देह ठेवला. त्याच वेधशाळेत २३ फेब्रुवारी १८५५ रोजी गाउसचाही अंत झाला.