काळ्या रंगाची फोर्ड

मेकॅनिकलच्या मुलीने फॅशनवर काय लिहायचं, असं आमच्या विंगमध्ये विचारून झालंय. पण याची सुरुवात प्रॉडक्शनच्या अभ्यासातूनच झाली! फोर्डच्या मॉडेल टी बद्दल वाचत होते. १९१४ ते १९२५ या काळात ही गाडी फक्त काळ्या रंगात निघायची. आणि ऑक्टोबर १९२६ मध्ये अमेरिकेतल्या व्होग मासिकाने एका साध्या काळ्या ड्रेसचं चित्र छापून त्याला चक्क फोर्ड म्हटलं. एकच नमुना, कुणालाही चालणारा. तो ड्रेस काढणारी बाई म्हणजे गॅब्रिएल ऊर्फ कोको शनेल.

जन्म १९ ऑगस्ट १८८३ चा, फ्रान्समधल्या सोम्यूर गावचा. बाप फिरता विक्रेता, घरात अठराविश्वे दारिद्र्य. ती अकरा वर्षांची असताना आई गेली आणि बापाने मुलींना ओबाझीनच्या अनाथाश्रमात सोडलं. तिथल्या नन्सनी तिला सुई धरायला शिकवलं. पुढे नाव झाल्यावर तिने बालपणाबद्दल वाट्टेल त्या कहाण्या रचल्या, आपल्याला मावश्यांनी वाढवलं असंही सांगितलं, पण अनाथाश्रमाचं नाव काढलं नाही.

१९१० मध्ये पॅरिसला टोप्यांचं दुकान थाटलं. भांडवल बॉय केपल या इंग्रज प्रियकराचं. (तो १९१९ मध्ये मोटार अपघातात गेला.) पहिल्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, तेव्हा तिने पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरतात ते जर्सीचं कापड उचललं आणि त्यातून बायकांचे कपडे शिवले. तोवर श्रीमंत बायका कॉर्सेटमध्ये स्वतःला आवळून घेत. शनेलच्या कपड्यांत बाईला चालता येत होतं, श्वास घेता येत होता. मला विचाराल तर खरं इंजिनिअरिंग हेच.

आता तो ड्रेस. काळा रंग काही तिने शोधला नाही. विधवा, मोलकरणी, दुकानातल्या पोरी आधीपासून काळंच घालत. आपल्याकडे संक्रांतीची चंद्रकळा सोडली तर सणावाराला काळं नको म्हणतात, तसा तिकडेही हा रंग सुतकाचा. तोच तिने पार्टीत नेला. रेशमी क्रेप, सरळ कट, लांब अरुंद बाह्या, पोटरीपर्यंत उंची, आणि नक्षी म्हणाल तर चार तिरक्या रेघा. बस्स! जुनी वाटावी अशी झालरच नाही, तर ड्रेस जुना होणार कसा? डाग दिसत नाही, लक्षात राहत नाही, त्यामुळे तोच पुन्हा घातला तरी चालतं. वर मोत्यांची माळ घाला किंवा काहीच नको. १९६१ मध्ये ऑड्री हेपबर्नने सिनेमात घातलेला प्रसिद्ध काळा ड्रेस जिव्हांशीने केलेला, पण वाट हीच.

इथेच थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण दुसऱ्या महायुद्धात, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, ही बाई रिट्झ हॉटेलात राहिली, एका जर्मन अधिकाऱ्याशी संबंध ठेवून. जर्मन गुप्तहेर खात्याच्या कागदांत तिचा क्रमांक आणि टोपणनाव आहे. तिच्या परफ्युमच्या कंपनीत १९२४ च्या करारानुसार तिचा वाटा फक्त १० टक्के होता. मोठा वाटा वेर्थायमर बंधूंचा, आणि ते ज्यू. १९४१ मध्ये तिने नाझींच्या ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन ती कंपनी बळकावायचा प्रयत्न केला. करारावर राग असणं मी समजू शकते. पण ज्या कायद्यांनी माणसं देशोधडीला लागत होती, ते तिने आपल्या हिशेबासाठी वापरायला काढले, हे मला कुठल्याही ड्रेसखाली झाकता येत नाही.

तिचा डाव फसला. भाऊ अमेरिकेला गेले होते, आणि जाण्याआधी त्यांनी कंपनी कागदोपत्री एका ज्यू नसलेल्या ओळखीच्याच्या नावावर करून ठेवली होती. १९४४ मध्ये शनेलची चौकशी झाली, सुटकाही झाली. मग बरीच वर्षं ती स्वित्झर्लंडमध्ये होती. १९५४ मध्ये, सत्तराव्या वर्षी, तिने पॅरिसमध्ये पुन्हा दुकान मांडलं आणि १० जानेवारी १९७१ ला रिट्झमध्येच मरेपर्यंत काम करत राहिली.

१९५४ च्या त्या पुनरागमनाला पैसा पुरवला पिएर वेर्थायमरने. शनेल कंपनी आजही त्याच घराण्याची आहे.